पाणी अडविणारा कोण? : 'क्वांटम ऑफ सोलेस'मधील कर्त्याचा प्रश्न

नगराच्या पाण्यावर आलेले संकट हा हेरकथेचा जुना आणि सोयीचा विषय होय. शत्रूने जलाशयात विष कालवावयाचे, घटका भरत यावयाची आणि नायकाने ऐनवेळी अनर्थ टाळावयाचा, असा हा साचा आहे. 'बॅटमॅन बिगिन्स' (२००५) हा काटेकोर अर्थाने हेरपट नव्हे; तरी त्यातील गॉथम नगरीच्या जलवाहिन्यांत मिसळलेले विष याच साच्यातले. एवढ्या पाण्यात विष विरून जाईल ही अडचण पटकथाकारांनाही जाणवली असावी. कारण ते विष वाफ होऊन श्वासात गेल्यावाचून बाधत नाही, अशी तजवीज त्यांनी करून ठेविली आहे.

मार्क फोर्स्टर यांनी दिग्दर्शित केलेल्या 'क्वांटम ऑफ सोलेस' (२००८) या बाँडपटाने हा साचा सोडला. येथे पाणी नासविले जात नाही, अडविले जाते. पर्यावरणरक्षणाचा बुरखा पांघरलेला डॉमिनिक ग्रीन पदच्युत जनरल मेड्रानो यास बोलिव्हियाची सत्ता मिळवून देण्याचे मान्य करतो आणि मोबदल्यात वाळवंटाचा एक ओसाड तुकडा मागतो. त्याखाली तेल असणार, असा अमेरिकी हेरखात्याचा समज आहे. वस्तुतः तेथे भूगर्भात बांध घालून पाणी साठविलेले आहे. बाँड व कॅमिल हे पाणी पाहतात, आणि लगोलग कोरड्या पडलेल्या नळाभोवती रिकामी भांडी घेऊन जमलेले गावकरी प्रेक्षकांस दिसतात.

या दोन दृश्यांच्या सांध्यातच हेरकथेचे व्याकरण उघड होते. मराठी भाषक नित्य व्यवहारात 'पाणी आले', 'पाणी गेले' असे म्हणतो. या वाक्यांत पाणी हाच कर्ता. ते आपल्या मर्जीने येते व जाते. 'आटणे', 'तुटणे', 'अडणे' ही क्रियापदेही याच जातीची. त्यांना 'आटविणे', 'तोडणे', 'अडविणे' अशी सकर्मक जोडी आहे, आणि ती योजताच कोणी तरी करणारा गृहीत धरावा लागतो. 'पाणी अडविले गेले' असे कर्मणि रूप वापरून त्याचे नाव झाकता येईल, पण त्याचे अस्तित्व पुसता येणार नाही. नळाभोवतीच्या माणसांपुरते पाहिले तर पाणी 'गेले' आहे. बांध पाहिलेल्या बाँडला मात्र ते कोणी तरी 'अडविले' आहे हे ठाऊक असते. अकर्मक वाटणाऱ्या आपत्तीमागील कर्ता हुडकून काढणे, हेच हेरकथेचे कार्य होय. आणि येथवर ते चोख झाले आहे.

चित्रपटातील सर्वांत मोलाचा प्रसंग यापुढचा. वाळवंटातील हॉटेलात ग्रीन मेड्रानोपुढे एक करार ठेवितो. देशाच्या साठ टक्क्यांहून अधिक पाण्यावर आता आपल्या संघटनेची मालकी आहे, तेव्हा नव्या सरकारने पाणी आपणाकडूनच, आणि तेही चढ्या दराने, घ्यावे, असे तो बजावतो. लष्करी गणवेशातला हुकूमशहा एका कागदापुढे हतबल होतो. पाठलागांच्या भाऊगर्दीत हा प्रसंग समीक्षकांच्या नजरेतून निसटण्याजोगा आहे. पण दहशतीला स्फोटकांची गरज नसते, दरपत्रक पुरते, ही जाण क्वचितच एखाद्या बाँडपटाने दाखविली असेल.

तथापि हीच जाण कथेला पेलत नाही. कर्ता सापडला की हेरकथा त्याला व्यक्ती करून टाकते. कॅमिल मेड्रानोस ठार करते. बाँड ग्रीनला इंजिनच्या तेलाचा एक डबा देऊन वाळवंटात सोडतो. काव्यगत न्याय म्हणून हे ठीक. परंतु कराराचे काय झाले, बांध कोणी फोडले, नळांना पाणी केव्हा आले, यांपैकी काहीच दाखविलेले नाही. कथा कझानच्या हिमवर्षावात बाँडच्या वैयक्तिक दुःखाकडे वळते. ज्या पाण्यासाठी एवढा खटाटोप, ते कर्मपद वाक्यातून गळून पडते.

बोलिव्हिया हे स्थळ येथे योगायोगाने आलेले दिसत नाही. १९९९ साली कोचाबांबा नगराचा पाणीपुरवठा 'आग्वास देल तुनारी' या संघाकडे सोपविण्यात आला; बेक्टेल ही अमेरिकी कंपनी त्यामागे होती. २००० च्या जानेवारीत दर वाढले, काही घरांचे देयक दुप्पट झाले. कामगार, शेतकरी आणि वस्त्यांतील रहिवासी यांनी एकत्र येऊन रस्ते रोखले. राष्ट्राध्यक्ष ह्यूगो बांझेर यांनी एप्रिलमध्ये आणीबाणी पुकारली. एक तरुण गोळीबारात मृत्यू पावला. अखेर करार रद्द झाला. कंपनीने आंतरराष्ट्रीय लवादापुढे मांडलेला दावा २००६ साली नाममात्र रकमेवर मिटला. यात कर्ता कोण? कर्जासोबत खाजगीकरणाचा आग्रह धरणारी जागतिक बँक, पाण्याचा नवा कायदा करणारे शासन, की दर ठरविणारी कंपनी? येथे कर्ता अनेकवचनी आहे आणि त्याला डबा हाती देऊन वाळवंटात सोडता येत नाही. करार गेल्यानंतरही नगराच्या दक्षिणेकडील अनेक वस्त्या दीर्घकाळ टँकरवरच अवलंबून राहिल्या.

हेरपटाकडून एवढी अपेक्षा करणे अन्यायाचे, असा आक्षेप येईल. तो अर्धाच खरा आहे. कराराचा प्रसंग लिहिणाऱ्यांना हे कळले होते. ते त्यांनी पुढे नेले नाही, इतकेच. इसियार बोयाइन यांच्या 'तांबिएन ला युविया' (२०१०) या स्पॅनिश चित्रपटात हाच कोचाबांबाचा लढा आहे. तेथे कोलंबसावर चित्रपट काढण्यास आलेली मंडळी त्या लढ्यात सापडतात, आणि लढणारे स्थानिक लोक केवळ रिकामी भांडी घेऊन उभे राहत नाहीत. क्रियापदे त्यांच्या वाट्याला येतात.

फोर्स्टर यांच्या चित्रपटातील 'बोलिव्हिया' वाळवंटाचे चित्रण मात्र चिलीच्या आंतोफागास्ता प्रदेशात झाले. १८७९ ला सुरू झालेल्या युद्धात बोलिव्हियाने गमावलेला मुलूख तो हाच. करार जेथे होतो त्या हॉटेलाची बाह्यदृश्ये पारानाल वेधशाळेच्या निवासगृहाची असून तेथे पाणी टँकरने आणावे लागते.