निवडणूक-निधीचे आवाहनपत्रक : दान की वर्गणी?

निवडणुकीच्या तोंडावर उमेदवार निधीसाठी जे आवाहनपत्रक काढतो, ते वाङ्मयसमीक्षेचा विषय होऊ शकते असे म्हटले तर आपल्याकडचे रसिक समीक्षक हसतील. त्यांना हसू द्यावे. दलित साहित्याने आत्मकथनाला आणि जलशाला साहित्याच्या दारात आणले, तेव्हाही ते हसलेच होते. ज्या समाजाच्या हाती छापखाना उशिरा आला, त्या समाजाचे पुष्कळसे गद्य पत्रकांवर, हँडबिलांवर आणि पावतीपुस्तकांवर लिहिले गेले आहे. या गद्यात कोण कोणाशी कोणत्या नात्याने बोलतो आहे, हे तपासणे समीक्षेचेच काम आहे. ही तपासणी करताना आपल्या राजकारणाचे एक जुने दुखणे हाती लागते, म्हणून मी हा विषय घेतला आहे.

अशा पत्रकांची भाषा पाहावी. ‘सढळ हाताने दान करा’, ‘फूल ना फुलाची पाकळी’, ‘गरीब उमेदवाराला मदतीचा हात द्या’. ही सारी वाक्ये आपल्या ओळखीची आहेत. त्यांत देणारा वर उभा आहे आणि मागणारा खाली. देणारा दाता आहे, मागणारा याचक आहे. देणाऱ्याने द्यावे आणि विसरून जावे, घेणाऱ्याने दुवा द्यावा आणि निघून जावे, एवढाच व्यवहार या भाषेत बसतो. ज्या समाजाच्या मागच्या पिढ्यांना गावकीचे काम करूनही दारोदार भाकरी मागावी लागली, हक्काच्या मोबदल्याचे ज्यांच्या बाबतीत भिकेत रूपांतर केले गेले, त्या समाजाच्या उमेदवाराने हीच भाषा पुन्हा तोंडी घ्यावी, ही गोष्ट मला साधी वाटत नाही.

येथे कोणी म्हणेल की दान हा शब्द तर आपल्या धम्मातलाच आहे. दहा पारमितांमध्ये दानपारमिता आहेच. हा आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. भिक्खूला दिलेले दान निरपेक्ष असते. देणाऱ्याच्या मनातला लोभ सुटावा, हा त्याचा हेतू असतो. पण उमेदवाराला दिलेला पैसा निरपेक्ष असता कामा नये. त्याच्याकडून अपेक्षा आहे, त्याच्यावर नजर आहे, उद्या त्याला जाब विचारायचा आहे. धम्मातला हा पवित्र शब्द राजकारणात उतरला की तो देणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवतो. आपण मत देण्यालाही ‘मतदान’ म्हणतो. मत ही दान करायची वस्तू आहे काय? जो हक्क १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांखाली मूठभरांनाच होता आणि संविधानाने प्रत्येक प्रौढाच्या हाती दिला, त्याला मराठीने दानाच्या रांगेत बसवले आहे. निधीच्या भाषेचे मूळ येथवर जाते.

दानाला पर्यायी शब्द आपल्याकडे आहे. तो शब्द वर्गणी. जयंतीच्या आधी वस्तीत पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या पोरांकडे पाहावे. ती घरोघर जातात, पण भीक मागत नाहीत. ‘तुमची वर्गणी राहिली’ असे म्हणतात. या वाक्यात दाता नाही आणि याचकही नाही. काम सर्वांचे आहे, त्यातला तुमचा वाटा यायचा आहे, एवढेच त्यात सांगितले आहे. जयंती झाली की हिशेब वाचला जातो किंवा फळ्यावर लावला जातो. ज्याने अकरा रुपये दिले तोही मंडपाचे भाडे इतके कसे झाले, असे उभा राहून विचारतो. कधी भांडणे होतात. होऊ द्यावीत. हिशेबावरून भांडण होणे म्हणजे पैसा आपला आहे अशी जाणीव जिवंत असणे. नियतकालिकाच्या वाचकालाही मराठीत वर्गणीदारच म्हणतात, हे या पानांच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

निधीच्या आवाहनाची हीच परंपरा बाबासाहेबांच्या गद्यात अधिक खोलवर दिसते. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला तेव्हा शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले होते. ते साहाय्य मोलाचे होते. परंतु एका उदार राजाच्या आधारावर अस्पृश्यांचे पत्र कायमचे चालणार नव्हते. पुढे ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले आणि थोड्याच काळात पैशाच्या अडचणीत आले. तेव्हा १९२८ च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांनी जो अग्रलेख लिहिला त्याचा मथळा होता, ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ या मथळ्याचा समीक्षकाने विचार करावा. पत्र अडचणीत आहे, पण मथळ्यात पत्राची दैना नाही. वाचकाला दाता म्हणून गौरवलेले नाही, उलट त्याला ऋणको ठरवले आहे. शेवटी ‘काय?’ आहे, म्हणजे निवाडा त्याच्यावरच सोपवला आहे. मागणारा येथे खाली उभा नाही. तो बरोबरीने उभा राहून कर्तव्याची आठवण देतो आहे. त्याच वर्षी, १९२८ च्या मार्चमध्ये, मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी महार वतनाविषयीचे विधेयक मांडले. एकीकडे बलुत्याच्या भाकरीतून माणूस सोडवायचा आणि दुसरीकडे त्याच माणसाला चळवळीच्या ऋणाची जाणीव द्यायची, ही दोन्ही कामे मला एकाच विचाराची वाटतात. ज्याला भीक मागायची नाही, त्याने आपला वाटा उचलला पाहिजे.

हा विचार निवडणुकीत आणला तो कांशीराम यांनी. पंजाबातून आलेले कांशीराम पुण्याच्या संरक्षण प्रयोगशाळेत नोकरीला होते. आंबेडकरी विचाराची ओळख त्यांना येथेच झाली. ६ डिसेंबर १९७८ ला त्यांनी बामसेफ उभी केली आणि शिकलेल्या नोकरदाराने आपला पैसा, वेळ आणि बुद्धी समाजाला परत करावी, असे सांगितले. १४ एप्रिल १९८४ ला बहुजन समाज पक्ष स्थापन झाला. १९८८ साली तेव्हाच्या अलाहाबाद लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत ते उभे राहिले. लोकांकडे त्यांनी मताबरोबर नोटही मागितली. ‘एक नोट, एक वोट’ ही घोषणा ती हीच. विश्वनाथ प्रताप सिंग निवडून आले, कांशीराम तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

या चार शब्दांत काय आहे? २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण पाऊल टाकत आहोत. कांशीराम यांच्या घोषणेने मताशेजारी नोट ठेवली आणि दोन्हींच्या आधी ‘एक’ हा एकच शब्द ठेवला. मताच्या बाबतीत जी समता कायद्याने दिली, ती निदान पक्षाच्या पेटीपुरती पैशातही आणली. दुसरे असे की तिने पैशाची दिशा उलटी केली. मतदानाच्या आदल्या रात्री वस्त्यांतून जे ‘लक्ष्मीदर्शन’ घडते, त्यात नोट उमेदवाराकडून मतदाराकडे येते आणि मताचा सौदा होतो. ज्याने स्वतः दहा रुपये देऊन उमेदवार उभा केला, त्याला पाचशेची नोट दाखवणाऱ्याला थोडा तरी विचार करावा लागेल.

कांशीराम यांना ही घोषणा का सुचली असावी, हे कळायला त्यांचे १९८२ चे ‘द चमचा एज’ हे पुस्तक ध्यानात घ्यावे लागते. ते पुणे कराराला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, २४ सप्टेंबरला, प्रसिद्ध झाले. करारात जागा वाढल्या, निवाड्यातल्या ७१ च्या १४८ झाल्या. पण स्वतंत्र मतदारसंघ गेला आणि राखीव जागेवरचा प्रतिनिधी इतरांच्या मतांवर अवलंबून राहिला. या अवलंबनाची दुसरी बाजू मला पैशात दिसते. मते दुसऱ्याची, खर्चही दुसऱ्याचा, मग तोंड तेवढे आपले कसे राहील? राखीव मतदारसंघातून निवडून गेलेले आपले किती प्रतिनिधी आपल्या प्रश्नावर पक्षाचा आदेश मोडून बोलले, हे आठवून पाहावे.

परंतु कांशीराम यांच्याच पक्षात या नोटेचे पुढे काय झाले, हेही बोलले पाहिजे. २०१० च्या मार्चमध्ये लखनौच्या सभेत हजार रुपयांच्या नोटांचा हार मायावतींच्या गळ्यात पडला. तो पाहून सवर्ण वृत्तपत्रांनी नाके मुरडली. त्यांच्या नाके मुरडण्यात जात होती, यात मला शंका नाही. पण आपला प्रश्न निराळा आहे. पेटीत पडलेली एक नोट देणाऱ्याची राहते. हारात ओवलेली नोट कोणाची असते? वीस हजारांपेक्षा अधिक देणाऱ्यांचीच नावे निवडणूक आयोगाला कळवावी लागतात. आपल्याला तेवढी मोठी देणगी कोणी दिलीच नाही, असे हा पक्ष वर्षानुवर्षे कळवत आला. हे गरिबांच्या पक्षाला भूषण आहे असे म्हणता येईल. परंतु ज्याचे नाव कोठेच लागत नाही त्याला हिशेब कोण वाचून दाखवणार? लहान वर्गणी ही उजेडाची खूण असायला हवी होती, तिचा आडपडदाही होऊ शकतो.

मोठ्या पैशाचा आडपडदा तर साऱ्या देशाने पाहिला. २०१८ पासून निवडणूक रोखे विकले गेले. सर्वांत लहान रोखा एक हजाराचा आणि सर्वांत मोठा एक कोटीचा होता. देणाऱ्याचे नाव मतदाराला कळत नव्हते. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली, तोवर सोळा हजार कोटींहून अधिक रुपयांचे रोखे विकले गेले होते. या पैशापुढे दहा रुपयांची पावती काय करणार, असे विचारले जाते.

हिशेब करून पाहू. मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवाराला २०२२ पासून ४० लाखांपर्यंत खर्च करता येतो. चाळीस हजार माणसांनी दहा-दहा रुपये दिले तरी चार लाख होतात, म्हणजे मर्यादेचा दहावा भाग. वर्गणीने निवडणूक जिंकता येते, असा दावा मी करणार नाही. पण अनुसूचित जातीच्या उमेदवाराची विधानसभेची अनामत पाच हजार आहे. पाचशे माणसांच्या दहा रुपयांत ती भरता येते. उमेदवारी अर्जाआधी पाचशे पावत्या फाडता येत नसतील, तर तो उमेदवार नक्की कोणाचा आहे? अनामत जप्त झालीच, तर ती पाचशे माणसांची जप्त होईल, आणि पराभवाचा विचार करायला पाचशे माणसे बसतील.

अलीकडच्या आवाहनांचे रूप पालटले आहे. २०१७ साली गुजरातेत वडगाम या राखीव मतदारसंघातून जिग्नेश मेवाणी अपक्ष उभे राहिले, लोकांकडून मिळालेल्या पैशावर लढले आणि निवडून आले. २०१९ साली बेगुसरायला कन्हैयाकुमार यांच्यासाठी लोकवर्गणीतून सत्तर लाख जमले, ते हरले. २०२३ च्या डिसेंबरात काँग्रेसने पक्षाच्या वयाच्या हिशेबाने १३८, १३८० असे आकडे ठरवून देणग्या मागितल्या. हे आकडे पक्षाचा इतिहास सांगतात, देणाऱ्याची ऐपत विचारात घेत नाहीत. मोबाइलवरून पैसे पाठवणे सोपे झाले हे चांगलेच आहे. परंतु १९८८ मध्ये नोट आणि मत एकाच माणसाकडे मागितले होते. आता नोट शहरातला शिकलेला देतो आणि मत खेड्यातला मजूर देतो. आपल्या समाजाची घडणच अशी झाली आहे. पगार शहरात आणि वस्ती गावात. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. आवाहनाचा निरोप मला येतो, मतदारसंघातल्या माझ्या चुलत्यांना येत नाही. त्यामुळे उमेदवार माझ्याशी इंग्रजी शब्द पेरून संविधानाविषयी बोलतो आणि त्यांच्याशी फक्त रस्त्याविषयी. हे दुभंगलेले संबोधन मला सर्वांत धोक्याचे वाटते. शंभर रुपये पाठवून नोकरदार ऋणमुक्त झाल्याचे समाधान मिळवतो आणि मजूर केवळ मतापुरता उरतो.

म्हणून चांगल्या आवाहनपत्रकाची माझी कसोटी सांगतो. ते दान मागणार नाही, वर्गणी मागेल. पैसा कशाला लागणार, अनामत किती, गाडी किती, पत्रके किती, हे सांगेल. शंभर पाठवणाऱ्याइतकीच मोठी पावती दहा देणाऱ्यालाही देईल. आणि हिशेब कोणत्या तारखेला, कोणत्या गावात वाचला जाईल, हे त्याच कागदावर छापील. हे शेवटचे वाक्य नसलेले पत्रक मला अर्धेच वाटते, मग त्यातली भाषा कितीही विद्रोही असो.

कायद्यानेही यासाठी एक दार उघडे ठेवले आहे. निकालानंतर तीस दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. १९६१ च्या निवडणूक नियमांप्रमाणे एक रुपया शुल्क भरून कोणाही माणसाला तो पाहता येतो. मोठ्या पक्षांचे हिशेब पाहायला पत्रकार आणि वकील जातात. आपल्या उमेदवारांचे हिशेब पाहायला आपल्यातले कितीजण जातात? ज्यांना महिन्याला पगार मिळतो आणि अर्ज लिहिता येतो, त्यांनी येत्या निवडणुकीत वर्गणी दिल्यावर हा एक रुपयाही भरावा आणि जे दिसेल ते वस्तीत जाऊन वाचून दाखवावे. उमेदवार पडलेला असला तरी वाचावे.