थॉक्वा: जमिनीखालच्या आवाजाला गेमनं दिलेलं उत्तर

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या गेममध्ये थॉक्वा नावाचा एक प्राणी आहे. 1981 च्या 'फीन्ड फोलिओ' या पुस्तकात तो भेटतो. फूटभर जाडीचा, चार-पाच फूट लांबीचा, धगधगता किडा. तो अंगच्या उष्णतेनं खडकातून वाट काढतो आणि तुमची चाहूल लागली की भिंतीतून थेट अंगावर झेपावतो.

2003 च्या नियमांनुसार तो सहा सेकंदांत 20 फूट खणतो. फूटभर रुंद बोगद्यातला तेवढा बेसॉल्ट वितळवायचा तर हिशेब साधारण 300 मेगावॉटपर्यंत जातो. म्हणजे परळीच्या 250 मेगावॉटच्या एका संचापेक्षा जास्त! पण माझा आक्षेप यावर नाही. जादूच्या जगात एवढं चालतं.

माझं संशोधन गेममधल्या जमिनीखालच्या जगांवर आहे, आणि त्या नजरेनं पाहिलं तर थॉक्वाची घडण चांगलीच आहे. भिंत गरम लागते, खडक गुरगुरतो, खेळणारे सावध होतात. भीती आधी येते, प्राणी नंतर. अडचण पुढे आहे. आवाजाला लगेच एक तोंड मिळतं. तोंड मिळालं की त्याला मारता येतं, आणि मारलं की प्रश्न संपतो.

आता हिंगोली जिल्ह्यात या. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत जमिनीतून गूढ आवाज येतात, हे तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. 21 मार्च 2024 ला सकाळी जिल्ह्यात 4.5 आणि 3.6 तीव्रतेचे दोन धक्के बसले. 10 जुलैला पुन्हा 4.5 चा. 'खाली काहीतरी आहे' असं कुणाला वाटलं तर त्यात वेडेपणा नाही. आपण सगळेच आवाजामागे कुणीतरी शोधतो.

पण खाली आग नाही. तिथला काळा दगड म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. कमी खोलीवर खडक थोडासा सरकला तरी लहरी वर येतात, हवेला हलवतात आणि त्यांचा काही भाग कानाला ऐकू येतो. धक्का जाणवला नाही तरी आवाज येऊ शकतो, तो यामुळेच.

मग धोका कुठे आहे? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत हजारो माणसं गेली. त्याआधी, 1992 मध्येही, तिथे लहान धक्के बसले होते. लहान धक्क्यांनंतर मोठा येतोच असं नाही, हेही खरं. पण त्या पहाटे माणसं मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं वजनदार माळवद कोसळून. राक्षस जमिनीखाली नव्हता. तो डोक्यावर होता, आणि आपणच बांधलेला होता.

म्हणून थॉक्वा मला अपुरा वाटतो. तो आपल्याला तलवार घेऊन खाली पाहायला शिकवतो. मला असा गेम खेळायला आवडेल ज्यात आवाज येत राहतो, बाहेर काहीच येत नाही, आणि तुमच्या हातात मोजक्याच खेळी असतात. त्या खेळींत माळवदावरची माती कमी करायची, भिंतींना पट्टा बांधायचा, शेजाऱ्यालाही तयार करायचं. गुण किती मिळाले ते मोठा धक्का आला तरच कळेल. आणि तो कधीच आला नाही, तर ती हार धरायची की जीत? तुम्ही गेम बनवत असाल तर यावर नक्की विचार करा.