गुणपत्रिकेतली आजी

मंडळी, सुरुवात आमच्याच डोक्यापासून करू या. दोन वर्षांपूर्वी चालताना तोल जातोय असं वाटलं, म्हणून वेवजीहून वापीला जाऊन आम्ही मेंदूचा एमआरआय काढून घेतला. रिपोर्टात होतं: श्वेतद्रव्यात वयोमानानुसार बदल, फाझेकास श्रेणी १. श्वेतद्रव्य म्हणजे मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागात निरोप नेणाऱ्या तारा. त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने कडक झाल्या की तारांना इजा होते आणि एमआरआयवर पांढरे ठिपके दिसतात. ते वाढले की चाल मंदावते, विचार मंदावतो, पक्षाघाताचा आणि स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. फाझेकासची ० ते ३ ही श्रेणी १९८७ ची.

ठिपक्यांबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती धोका आधीच सांगणाऱ्या गुणपत्रिकांबद्दल.

फिनलंडमधल्या मध्यमवयीन लोकांवरून बेतलेली, २००६ साली आलेली 'केड' गुणपत्रिका घ्या. ती मुळात वीस वर्षांनंतरच्या स्मृतिभ्रंशाचं भाकीत करते; पुढे तिचे गुण या ठिपक्यांशीही ताडून पाहिले गेले. एकूण गुण १५, जितके जास्त तितका धोका. वय ५३ च्या पुढे, ४ गुण. शाळा सहा वर्षं किंवा त्याहून कमी, ३ गुण. वरचा रक्तदाब १४० च्या वर, २ गुण. पुन्हा ऐका: शाळा हुकल्याचं वजन रक्तदाबाहून जास्त!

आता आमच्या शेजारच्या पाड्यावरची आजी. जन्मतारीख आधार कार्डावर १ जानेवारी, म्हणजे कुणीतरी टाकलेली. लाल बावट्याच्या वर्षी, १९४५ साली, ती रांगत होती, एवढं तिच्या आईने सांगितलेलं. शाळा शून्य, कारण घर वेठीला बांधलेलं. व्यायामाच्या रकान्यात विचारतात, फावल्या वेळात आठवड्यातून दोनदा घाम येईल अशी हालचाल करता का? फावला वेळ! जन्मभर आवणी केली, डोक्यावरून मोळ्या वाहिल्या, त्याला रकाना नाही. म्हणजे आणखी १ गुण. दंडाला पट्टा बांधायच्या आधीच आजी ८ गुणांवर.

कुणी म्हणेल, मध्यमवयीनांची पत्रिका तुम्ही ऐंशीच्या बाईला लावलीत. मान्य. पण दवाखान्यांतून आणि मोबाइलवरून अशा पत्रिका फिरतात तेव्हा ही अट सोबत फिरत नाही.

आपल्या नैयायिकांकडे याला शब्द आहे, उपाधी. अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे अनुमान चुकतं, कारण धूर येतो ओल्या सरपणामुळे. तापलेल्या लोखंडात अग्नी आहे, धूर नाही. शाळेची वर्षं आणि मेंदूचं आरोग्य यांच्यामधलं ओलं सरपण कोणतं? गरिबी? लहानपणचं कुपोषण? डोक्याला मिळालेलं वळण? तिकडे शाळा ज्या कारणाने सुटली आणि इथे ज्या कारणाने ती मिळालीच नाही, ती कारणं एक नसतील, तर ३ गुण तेच कसे राहतील?

उलट जे विचारायला हवं ते विचारलेलंच नाही. आपल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. तो आजार, नुसतं वाहक असणं नव्हे, लहान मुलांच्याही श्वेतद्रव्यात मुकी इजा करून जातो. फिनलंडच्या पत्रिकेत त्याचा रकाना कशाला असेल?

म्हणून भाकितं फेकून द्यावीत, असं आम्ही म्हणत नाही. डॉक्टरमंडळींचं एक उत्तर आम्हाला पटतं: कारण पूर्ण कळलं नाही तरी जे बदलता येतं ते बदला. २०१९ साली अमेरिकेतल्या 'स्प्रिंट' चाचणीतून आलेले आकडे पाहा. पन्नाशीपुढच्या, रक्तदाब असलेल्या लोकांत वरचा दाब १२० च्या खाली आणायचा प्रयत्न केला, तेव्हा सुमारे चार वर्षांत ठिपके सरासरी ०.९२ मिली वाढले. १४० वर समाधान मानलं तिथे १.४५ मिली. फरक अर्धा मिली, चहाच्या चमच्याचा दहावा हिस्सा. थोडा आहे, पण खरा आहे. (मधुमेही आणि आधी पक्षाघात झालेले त्यात घेतले नव्हते, हेही लक्षात ठेवा. आणि १२० चा हट्ट म्हाताऱ्या माणसाने डॉक्टरांना न विचारता धरू नये. चक्कर येऊन पडलं तर खुबा मोडतो.)

आजीचा दाब आम्ही घरच्या यंत्रावर मोजला. १६८. दुसऱ्या दिवशी पुन्हा १६४. मग तिला डॉक्टरांकडे नेलं, गोळी सुरू झाली. परवा भेटली तेव्हा म्हणाली, "गुरुजी, गोळ्या संपल्या. परत गेले तर म्हणाले पुढच्या आठवड्यात या." गोळी मध्येच तुटली किती दिवस, याचा रकाना आम्ही बऱ्याच पत्रिकांत शोधला. अजून सापडलेला नाही.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ या.