सर्वांत कमी दर आणि न्यायाचा प्रश्न



कार्यक्रमपत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचं नाव 'शाश्वत सार्वजनिक खरेदी' असं छापलंय. तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस टेंडरवर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. पण टेंडर हा माझ्या मते न्यायाचाच विषय आहे. आपल्याकडे सरकारी खरेदी राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असावी, असा अंदाज नेहमी दिला जातो. शाळेतला बाक, दवाखान्यातलं सलाईन, रस्त्यावरची खडी, अंगणवाडीतला खाऊ हे सगळं त्यात आलं. एवढा पैसा कोणत्या नियमाने खर्च होतो, हे विचारायला हवं.

तो नियम आपल्याला माहीत आहे. एल-वन. म्हणजे अटींत बसणाऱ्यांपैकी ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम. याला आपण काटकसर म्हणतो. मला ती काटकसर वाटत नाही, तो अविश्वास आहे. अधिकाऱ्याच्या हाती निवड दिली तर तो खाईल, म्हणून आपण त्याच्या हातात फक्त बेरीज-वजाबाकी ठेवली. आणि हा अविश्वास निराधार नाही, हेही मान्य करू. महात्मा फुले स्वतः सरकारी बांधकामांची कंत्राटं घेत असत, आणि त्या खात्यातल्या लबाडीवर त्यांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलंय. एल-वनच्या मागे हा सगळा इतिहास उभा आहे. ज्यांना एल-वन नकोसा वाटतो त्यांनी आधी या इतिहासाला उत्तर द्यावं.

आता न्यायाकडे येऊ. केंद्राच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत खरेदीची तत्त्वं सांगितली आहेत: कार्यक्षमता, काटकसर, पारदर्शकता, पुरवठादारांना समान वागणूक, स्पर्धा. यात समान वागणूक कोणाला? पुरवठादारांना. म्हणजे ज्यांनी लिफाफा भरला त्यांच्यात न्याय. पण खरेदीचा परिणाम ज्यांच्यावर होतो त्यातले बहुतेक लोक लिफाफा भरतच नाहीत. गटारात उतरणारा कामगार बोली लावत नाही. अंगणवाडीतलं मूल बोली लावत नाही. नदी तर नाहीच नाही. ॲरिस्टॉटलने न्यायाचे दोन प्रकार सांगितले. एक देवाणघेवाणीतला, हिशेब सरळ करणारा, आणि दुसरा वाटपातला, कोणाच्या वाट्याला काय यावं हे ठरवणारा. आपले नियम पहिल्या न्यायात पक्के आहेत. दुसऱ्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत.

मुंबईचं उदाहरण घ्या. महापालिकेचा कचरा उचलणारे कामगार वर्षानुवर्षं ठेक्यावर होते. कागदोपत्री त्यांना 'स्वयंसेवक' म्हटलं गेलं. कंत्राटी कामगारांचा 1970 चा कायदा मुळात 20 किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे लागू होत होता, त्यामुळे ठेके छोटे ठेवले की तो कायदाही लांब राहत असे. 2014 मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने यातल्या 2,700 कामगारांना कायम करण्याचा निकाल दिला आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. आता सांगा, इतकी वर्षं जो 'कमी दर' मिळत होता तो आला कुठून? ठेकेदाराच्या हुशारीतून? तो त्या माणसांच्या पगारातून आला. बचत झालीच नव्हती. खर्च फक्त दुसऱ्याच्या खिशात ढकलला होता, आणि ते खिसे आधीच रिकामे होते.

मनुष्यबळाच्या टेंडरमध्ये हे आणखी उघड दिसतं. वेतन कायद्याने ठरलेलं असतं, स्पर्धा फक्त सेवाशुल्कावर. शून्य शुल्काची बोली नियमाने बाद होते, म्हणून शून्याला अगदी चिकटून असलेला आकडा भरला जात असे. शुल्क जवळजवळ शून्य घेणारा माणूस धंदा कशाला करतो, हा प्रश्न फाईलवर कोणी लिहीत नसे.

मग उपाय काय? इथे सुधारकांचा उत्साह सुरू होतो. टेंडरमध्ये सामाजिक अटी घाला, पर्यावरणाच्या अटी घाला. ब्रिटनने 2012 मध्ये 'सामाजिक मूल्य' विचारात घेण्याचा कायदा केला. युरोपीय संघाच्या 2014 च्या निर्देशात वस्तूच्या संपूर्ण आयुष्यभराचा खर्च मोजण्याची सोय आहे. आपल्याकडे 2012 च्या धोरणाने सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी वाटा राखला. तो आता 25 टक्के आहे, त्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांसाठी. हे सगळं चांगलं आहे. पण अट लिहिली म्हणजे हित झालं, ही समजूत मला तपासायची आहे, कारण महाराष्ट्रानेच तिचं उत्तर देऊन ठेवलंय.

ऑक्टोबर 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंगणवाडीच्या पोषण आहारासाठी ठेकेदार नकोत, गावातले लोक, बचत गट, महिला मंडळं यांना काम द्यावं. याहून स्पष्ट सामाजिक अट कोणती असू शकते? 2012 मध्ये न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांच्या कार्यालयाने अहवाल दिला की महाराष्ट्रात महिला मंडळांच्या आडून खासगी कंपन्याच पुरवठा करताहेत. पाटी महिला मंडळाची, दुकान दुसऱ्याचं! पुढे 2016 चं टेंडर निघालं, त्याच्या अटी अशा की खरे बचत गट दारातच अडतील. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. म्हणजे आदेशापासून 14 वर्षांहून जास्त काळ गेला. 2004 मध्ये अंगणवाडीत असलेली मुलं तोवर मोठी झाली.

यातून 'सामाजिक अटी निरुपयोगी' असा निष्कर्ष काढू नका. मी काढतो तो वेगळा आहे. विक्रेता कोण आहे हे पाहणारी अट सहज नकली करता येते. काम कसं झालं हे पाहणारी अट नकली करणं अवघड असतं. आपण सगळा जोर लिफाफा उघडेपर्यंत लावतो. काम दिल्यानंतर मात्र फाईल कपाटात जाते.

दुसरी गोष्ट, एल-वन सगळीकडे वाईट नाही. एलईडी दिव्यांची केंद्र सरकारच्या योजनेतली घाऊक खरेदी बघा. 2014 च्या सुरुवातीला दिवा 310 रुपयांना घेतला जात होता, तो काही वर्षांत 38 रुपयांपर्यंत आला. वीज वाचली, आणि खरेदी स्पर्धेनेच झाली. का जमलं? कारण दिव्याचा प्रकाश, त्याला लागणारी वीज हे टेबलावर मोजता येतं. पर्यावरणाचं हित आधी तपशिलात पक्कं केलं, मग दराची स्पर्धा लावली. कचरा उचलणं, स्वयंपाक करणं, रुग्णाची शुश्रूषा यांचं तसं नाही. ते काम माणसं रोज करतात, त्याचा दर्जा त्या माणसांच्या स्थितीला बांधलेला असतो. दोन्हींना एकच फूटपट्टी लावणं ही विचाराचीच चूक आहे. 2021 मध्ये अर्थ मंत्रालयाने काही कामांत गुणवत्तेला 30 टक्क्यांपर्यंत वजन द्यायला परवानगी दिली. दार किलकिलं झालंय इतकंच.

पण गुणवत्तेला वजन द्यायचं म्हणजे कोणीतरी निर्णय घ्यायचा, आणि निर्णय आला की फुल्यांचा प्रश्न परत येतो. त्याचं उत्तर निर्णय काढून टाकण्यात नाही, तो उघडा करण्यात आहे. अमुक पुरवठादार का निवडला याची कारणं साध्या मराठीत जाहीर करा. ठेक्यावरच्या कामगारांना पगार आणि भविष्यनिर्वाह निधी मिळाला याचा पुरावा दिसल्याशिवाय बिल मंजूर करू नका. आणि काम झालं की नाही, हे सांगण्याचा अधिकार ते वापरणाऱ्यांना द्या. खाऊ कसा होता हे अंगणवाडीच्या सेविकेला आणि आयांना विचारा, त्यांचं उत्तर पुढच्या टेंडरमध्ये मोजा.

याने दर वाढतील का? काही ठिकाणी वाढतील, ते लपवू नये. तो खर्च आजही कोणीतरी भरतोच आहे, फक्त त्याचं नाव अंदाजपत्रकात नाही. ते नाव तिथे लिहायचं की नाही, हा निर्णय लेखापालाचा नाही. तो आपला आहे.

आता प्रश्न घेऊ.