अशुद्ध पत्रांची कविता

गुलामगिरीवरील कविता वाचताना रसिकाच्या मनाची एक सोय होऊन बसलेली असते. संताप कोणावर करावयाचा आणि करुणा कोणाविषयी वाटू द्यावयाची, हे त्याला कवितेपूर्वीच ठाऊक असते. कवीने त्या तयार भावनेला शब्द पुरविले की दोघेही समाधानाने निरोप घेतात. ट्रेसी के. स्मिथ या कृष्णवर्णीय अमेरिकी कवयित्रीचा ‘वेड इन द वॉटर’ (२०१८) हा संग्रह ही सोय नाकारतो, आणि नाकारण्याचे त्याचे साधन अगदी अनपेक्षित आहे. ते म्हणजे शुद्धलेखनाच्या चुका.

या संग्रहात एक दीर्घ कविता आहे. तिच्यात कवयित्रीचे स्वतःचे असे जवळजवळ काही नाही. अमेरिकी यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले. त्यांची, त्यांच्या आयांची आणि बायकांची पत्रे, अर्ज व जबान्या निवडून, संक्षेप करून तिने त्या एकापुढे एक मांडल्या आहेत. काही पत्रे थेट राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना लिहिलेली आहेत. पगार मिळाला नाही, मुलगा आजारी आहे, त्याला घरी पाठवा, असा त्यांचा मजकूर. लेखन मुळाबरहुकूम ठेवले आहे. लिंकन यांचे नावसुद्धा नीट लिहिता आलेले नाही.

अनुवादक म्हणून माझे पाऊल येथे प्रथम अडखळले. ही पत्रे मराठीत एखाद्या ग्रामीण बोलीत उतरविण्याचा मोह होतो. पण तो खोटेपणा ठरेल. बोली ही चूक नव्हे. बोलीला तिचे स्वतःचे व्याकरण असते आणि बोलणारा तीत निर्धास्त असतो. या पत्रांतला माणूस निर्धास्त नाही. जॉर्जियाने १८२९ मध्ये आणि उत्तर कॅरोलायनाने १८३० मध्ये गुलामांस लिहावाचावयास शिकविणे हा कायद्याने गुन्हा ठरविला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रत्येक वाकडे अक्षर हा चोरून किंवा उशिरा मिळविलेल्या विद्येचा पुरावा होतो. काही पत्रे दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली असतील; त्याने फारसे बिघडत नाही, कारण तो दुसराही बहुधा त्याच वाटेने आलेला. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केली, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त त्यांच्या व्याकरणाची थट्टा केली. ती थट्टा करणाऱ्याच्या कानात काय शिरू शकले नाही, ते या कवितेच्या वाचनानंतर नव्याने उमगते.

कवितेच्या उत्तरार्धात युद्ध संपलेले आहे आणि निवृत्तिवेतनाचे अर्ज सुरू झाले आहेत. येथे ती अधिक खोल जाते. गुलामांच्या विवाहाला कायद्याची मान्यता नव्हती. जन्माची नोंद नव्हती. नाव धन्याचे, आणि धनी बदलला की तेही बदलणारे. आता विधवेने आपण त्याचीच बायको होतो हे साक्षीदारांनिशी सिद्ध करावयाचे आणि सैनिकाने आपण तोच माणूस आहोत हे. नित्याचा संसार, एका चुलीवर शिजलेले अन्न, यांचे प्रतिज्ञापत्र करावे लागते. कवयित्रीने एकही विशेषण जोडलेले नाही. हा संयम मला संग्रहातील सर्वांत मोठे काव्यगुण वाटतो.

मूळ दस्तऐवजातील शब्द गाळून उरलेल्यांतून कविता घडविण्याचा प्रयोगही येथे आहे. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर केलेला असा प्रयोग बराच गाजला. राजाविरुद्धच्या तक्रारी गुलामांच्या तोंडी येतात, ही कल्पना चतुर खरीच. परंतु जाहीरनामा ज्याच्या कानात मुरलेला नाही, त्याला गाळलेल्या शब्दांची पोकळी ऐकू येत नाही, आणि मग चातुर्यच उरते. याउलट जॉर्जियातील धर्मोपदेशक चार्ल्स कोलकॉक जोन्स यांच्या कुटुंबातील पत्रांवरून केलेली कविता पहावी. गुलामांना धर्मशिक्षण द्यावे म्हणून या गृहस्थाने आयुष्य वेचले, ग्रंथ लिहिले. अर्थात शिक्षण तोंडी. त्यांच्याच घरात गुलाम कुटुंबाच्या विक्रीविषयी जी पत्रे गेली-आली, त्यांतील शब्दांतून विकली जाणारी माणसे बोलू लागतात. श्रद्धा आणि खरेदीखत एकाच शाईने लिहिले जात होते, हे सांगावयास येथे भाष्य लागत नाही.

स्मिथ यांच्या स्वतःच्या श्रद्धेच्या कविता मात्र सारख्या तोलाच्या नाहीत. जीपमध्ये बसून डोंगरावरून खाली येणारा त्यांचा देव जनाबाईच्या जात्याशी बसणाऱ्या विठ्ठलाची आठवण देतो खरा. पण जनीचा देव कामाला हात लावतो, हा बराचसा एकांतात फिरतो. शीर्षककविता वेगळी. ती जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील गीची-गुल्ला भजनी मंडळाला अर्पण केलेली आहे. गुलामांच्या काळापासून वर्तुळात फिरत, पायांनी ताल धरत चालत आलेली ही उपासना. तेथील एक स्त्री अनोळखी कवयित्रीला भेटताक्षणी आपले प्रेम बोलून दाखविते, आणि तो शब्द सोपा असूनही पेलत नाही, असा त्या कवितेचा अनुभव आहे. प्रेम हा शब्द इतक्या वेळा उच्चारून कविता भाबडी न होणे अवघड. एकदोन ठिकाणी ती त्या काठावर जाऊन येते.

आणि याच संग्रहात ‘डस्क’ नावाची एक घरगुती कविता आहे. आई जेवणाच्या टेबलाशी मुलीकडे पाहते आहे. मुलगी खुर्चीवर धड बसत नाही. एक पाय जमिनीवर, दुसरा गुडघा खुर्चीच्या वर अधांतरी, जणू कोणत्याही क्षणी पळ काढावा लागेल. आईला राग येतो, थोडी भीतीही वाटते. वेगळी वाचली असती तर ही मुलीच्या वाढत्या वयावरची एक चांगली कविता म्हणून मी पान उलटले असते. परंतु मुलाला परत पाठवा म्हणून राष्ट्राध्यक्षांना लिहिणाऱ्या त्या बाया याच पुस्तकात आहेत, आणि ही मुलगी जाणार आहे ती आपल्या पायांनी.