‘ऐंशी टक्क्यां’चा माग

इलेक्ट्रॉनिक कचऱ्यावर वर्गात बोलायचे ठरवले, की हाताशी एक तयार वाक्य येते: श्रीमंत देशांतला ऐंशी टक्के ई-कचरा गरीब देशांत येऊन पडतो. भित्तिपत्रकांवर आणि प्रकल्पवह्यांत ते सर्रास दिसते. त्याचा माग काढत गेलो, की आपण २००२ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या ‘एक्स्पोर्टिंग हार्म’ या इंग्रजी अहवालापाशी पोहोचतो. ‘बासेल ॲक्शन नेटवर्क’ आणि ‘सिलिकॉन व्हॅली टॉक्सिक्स कोअलिशन’ या अमेरिकेतील संस्थांचा तो अहवाल. त्यात दिल्ली आणि कराचीचीही माहिती आहे, पण गाभा आहे चीनमधील ग्वेयू या गावाचा.

ग्वेयूचे वर्णन शिक्षकांनी मुळातून वाचावे असेच आहे. शेगडीवर सर्किट बोर्ड तापवून डाख वितळवायचा आणि सुट्या झालेल्या चिप उचलायच्या. मग नदीकाठी अम्लराजात त्या बुडवून सोने काढायचे. उरलेले आम्ल नदीत. तांब्यासाठी तारांवरचे पीव्हीसी जाळायचे. पिक्चर ट्यूब फोडून तांब्याचे वेटोळे घ्यायचे आणि काच फेकून द्यायची. क्ष-किरण अडवण्यासाठी त्याच काचेत शिसे घातलेले असते! अम्लराजात सोने विरघळते, हे आपण फळ्यावर एका ओळीत उरकतो. त्या ओळीनंतर काय होते, ते इथे कळते.

हे वर्णन अतिरंजित नव्हते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ग्वेयूतील १ ते ६ वर्षांच्या १६५ मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे सरासरी १५.३ मायक्रोग्रॅम शिसे आढळले. शेजारच्या चेंदियन गावात हाच आकडा ९.९४ होता. (तोही काही समाधानाचा नाही.)

आमचा आक्षेप आहे तो त्या टक्केवारीला. अहवालाचे म्हणणे इतकेच होते: पश्चिम अमेरिकेत पुनर्चक्रीकरणासाठी गोळा झालेल्या ई-कचऱ्यापैकी ५० ते ८० टक्के परदेशी जातो, असा या धंद्यातील जाणकारांचा अंदाज आहे. ‘पश्चिम अमेरिका’, ‘गोळा झालेल्यापैकी’ आणि ‘अंदाज’ हे तिन्ही शब्द पुढे गळून पडले. पन्नासही गळाले. याचा दोष उद्धृत करणाऱ्यांचा खराच. पण अंदाज कसा बांधला हे अहवालानेही पुरेसे सांगितलेले नाही, आणि विज्ञानाच्या शिक्षकाला हे खटकलेच पाहिजे. पुढे २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात २०१० सालासाठी संपूर्ण अमेरिकेचा आकडा आला अवघा ८.५ टक्के! तोही अंतिम नव्हे. त्यात निवडक प्रकारची अख्खी यंत्रे नगांनी मोजली होती, आणि व्यापाराच्या नोंदींतून निसटलेला माल त्यात येत नाही. दोन्ही आकडे वर्गात शेजारी-शेजारी मांडावेत आणि काय मोजले, कोठे मोजले, कोणी मोजले, हे मुलांनाच शोधू द्यावे.

दुसरी उणीव अधिक गंभीर वाटते. या अहवालात कचरा एकाच दिशेने वाहतो, आणि तो हाताळणारा माणूस केवळ बळी असतो. जुने यंत्र दुरुस्त करून पुन्हा चालवणाऱ्या कारागिराला इथे फारशी जागा नाही. शिवाय काळ बदलला. चीनने २०१८ पासून अशा कचऱ्याची आयात जवळपास बंद केली. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात २०२२ साली ६.२ कोटी टन ई-कचरा झाला; त्यातल्या रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झालेल्याची नोंद अवघी २२.३ टक्के. त्यात भारताचा वाटा सुमारे ४१ लाख टन, चीन आणि अमेरिकेच्या खालोखाल. तो आपल्याच घरांतून, कचेऱ्यांतून निघालेला. दोषी परदेशी आहे एवढेच मुलांच्या मनावर ठसले, तर कपाटातला बंद मोबाइल त्यांना दिसणार कसा?

शाळा हल्ली ई-कचरा संकलनाचा दिवस पाळतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार पुनर्चक्रीकरण करणाऱ्याची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते. खोकी गाडीत चढण्यापूर्वी तो नोंदणी क्रमांक विचारावा, आणि पिक्चर ट्यूबची काच पुढे कोठे जाणार तेही विचारावे. हे प्रश्न आठवीच्या मुलांनी विचारले तर अधिक बरे.