दंत्य ‘च’ आणि प्रभावाची उपपत्ती

एका भाषेतील ध्वनी शेजारच्या भाषेतही आढळला, की एकीवर दुसरीचा प्रभाव पडला असे म्हणण्याचा मोह अभ्यासकाला होतो. या उपपत्तीची परीक्षा पाहण्यास मराठीतील ‘च’ या वर्णाचे उच्चार उपयोगी पडतात. ‘चिंच’ या एकाच शब्दात पहिला ‘च’ तालव्य आहे, तर दुसरा दंत्य. लिपीने मात्र दोहोंना एकच चिन्ह दिले आहे. पुढील विवेचनात दंत्य उच्चार च़, छ़, ज़ असा अक्षराखाली बिंदू देऊन दाखविला आहे.

पूर्व बंगालीत ‘च’ व ‘ज’ यांचे उच्चार दंत्य होतात. सुनीतिकुमार चटर्जी यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगाली भाषेच्या उत्पत्तिविकासावरील ग्रंथात याचे कारण तिबेटो-बर्मी भाषांच्या संपर्कात शोधले. वरवर पाहता पुरावा भक्कम वाटतो. तिबेटी लिपीत च़, छ़, ज़ यांसाठी च, छ, ज यांच्याच चिन्हांना शेपटी जोडून स्वतंत्र अक्षरे घडविलेली आहेत, आणि संस्कृतातील चवर्ग तिबेटीत लिहिताना हीच दंत्य अक्षरे वापरली जातात. ‘वज्र’ हा शब्द तेथे ‘बज़्र’ असा लिहिला जातो.

तथापि ध्वनी सारखा असणे आणि ध्वनिव्यवस्था सारखी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तिबेटीत ‘छ’ म्हणजे भाग आणि ‘छ़’ म्हणजे उष्ण. तेथे दोन्ही मालिका नांदतात व त्यांच्यामुळे अर्थभेद होतो. तिबेटीचा प्रभाव पडला असता, तर बंगालीत एका मालिकेच्या दोन झाल्या असत्या. प्रत्यक्षात एक मालिका दुसरीच्या जागी आली. बर्मी भाषेची वाट आणखी निराळी. तिच्या लेखनात जेथे ‘च’ आहे तेथे आज ‘स’ ऐकू येतो, आणि जेथे ‘स’ आहे तेथे जीभ दातांना लावून केलेला घर्षक उच्चार होतो. ‘चा’ (लेख, पत्र) हा शब्द ‘सा’ झाला. मूळच्या ‘स’ ने आपली जागा आधीच सोडली असल्यामुळे दोहोंची गल्लत झाली नाही. मराठीतही ‘छ’ चा ‘स’ झाला आहे : मत्स्य, मच्छ, मासा, क्षुरिका, छुरिआ, सुरी. म्हणून मराठीवर बर्मीचा प्रभाव पडला असे कोणी म्हणणार नाही. असे परिवर्तन दोन ठिकाणी स्वतंत्रपणेही घडू शकते.

तात्पर्य, ‘तिबेटो-बर्मी प्रभाव’ हा शब्दप्रयोगच सैल आहे. प्रभाव पडतो तो एका भाषेचा, कुळाचा नव्हे. या दृष्टीने पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेला द. ना. शंकर भट यांचा बोडो शब्दसंग्रह अधिक मोलाचा ठरतो. त्याला व्याकरणाची रूपरेषा जोडलेली असल्यामुळे सुटे ध्वनी न पाहता एका भाषेची व्यवस्था पाहता येते. बोडोत चवर्गीय अर्धस्फोटक नाहीत, ‘स’ आणि घर्षक ‘झ़’ आहेत. शेजारच्या असमियातही ‘च’, ‘छ’ यांचा ‘स’ व ‘ज’ चा घर्षक उच्चार होतो. येथे जे जुळते ते दोन व्यवस्थांमधील उणेपण आहे. म्हणून हा पुरावा सुट्या ध्वनींच्या साम्याहून वजनदार आहे.

हीच कसोटी मराठीला लावावी. मराठीत इ, ए, य यांच्यापूर्वी तालव्य व इतरत्र दंत्य, असा सर्वसाधारण नियम आहे. ‘घराच़ा’, ‘घराच़ं’, परंतु ‘घराची’, ‘घराचे’, ‘घराच्या’. तत्सम शब्द या नियमाबाहेर राहिले, आणि त्यामुळे ‘जग’ (विश्व) व ‘ज़ग’ (जगणे याचे आज्ञार्थी रूप) असा भेद निर्माण झाला. तेलुगूत नियम हाच आहे : ‘च़ालु’ (पुरे), ‘ज़ोन्न’ (जोंधळा), परंतु ‘चेट्टु’ (झाड), आणि तेथेही तत्सम शब्द तालव्यच राहतात. एमेनो यांनी १९५६ मध्ये मराठी, तेलुगू, उत्तर कानडी व दक्षिण ओडिया यांच्यातील हे साम्य निदर्शनास आणले. येथे नियमही जुळतो आणि त्याचे अपवादही. संपर्काची उपपत्ती येथे बळकट आहे; मात्र कोणी कोणाकडून घेतले हे साम्यावरून ठरत नाही. दंत्य उच्चार ना संस्कृतातून आला, ना मूळ द्राविडीतून. दोन्ही बाजूंना तो नंतरचा आहे.

अशा प्रश्नाच्या निरीक्षणाला सोलापूरसारखे ठिकाण नाही. सात रस्ता येथे उभे राहिले असता मराठी, तेलुगू, कानडी व दखनी उर्दू या चारही भाषा कानी पडतात. विणकामाच्या निमित्ताने आलेल्या पद्मशाली समाजाची वस्ती येथे मराठी नियमाच्या मानाने फार अलीकडची आहे. त्यामुळे नियमाचे मूळ येथे सापडणार नाही. पण असा नियम एका मुखातून दुसऱ्या मुखात कसा जातो, हे येथे पाहता येईल. ‘च़ाक’, ‘ज़ोंधळा’ हे उच्चार तेलुगूभाषकाला सहज साधावेत, दखनीभाषकाला शिकावे लागावेत. खरी परीक्षा अपवादांत आहे. ‘चार’ हा अंक जुन्या मराठीत ‘च्यारि’ होता, म्हणून आजही तालव्य. तेलुगूभाषकाने तो ‘च़ार’ असा उच्चारला, तर त्याने शब्द नव्हे, आपला नियम मराठीत आणला असे सिद्ध होईल.

अशा उच्चारावर शाळेत ‘अशुद्ध’ हा शिक्का बसतो आणि तो लवकरच पुसला जातो. भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र तोच पुरावा आहे. लिपी तो नोंदवीत नाही. म्हणून तो पुसला जाण्यापूर्वी ऐकणे आणि टिपून ठेवणे, हे अभ्यासकाचे पहिले काम होय. प्रभावाची भाषा त्यानंतर बोलावी.